न आलेला ताप

कोल्ड रूममधून बाहेर आलं की माणूस स्वेटर काढतो. खानविलकर सर मात्र बाहेर येऊन पहिल्या स्वेटरवर दुसरा चढवत होते.

"सर, बाहेर मे महिना आहे," मी म्हणाले. "पुण्यातला असला तरी मेच."

"अंगात कसकस आहे जरा."

"जरा? तुमच्या हातातल्या बादलीतला बर्फ वाजायलाय."

ते हसले. बर्फाची बादली माझ्याकडे दिली आणि खुर्चीत बसले, ते दोन्ही हात काखेत घालून. ओठ काळसर पडले होते. मी म्हटलं, मलेरिया तपासून घ्या. ते म्हणाले, घेतो. आधीच्या खेपेलाही ते असंच म्हणाले होते, आणि त्याच्या आधीच्या खेपेलाही.

डॉ. सदानंद खानविलकर आमच्या लॅबचे प्रमुख. मूळचे मालवणकडचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, कुणाला टाकून बोलायचे नाहीत. मी परभणीची, तोंडाने फटकळ, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या: पिपेट कसं धरायचं आणि तोंड कधी मिटायचं. दुसरी मला अजून नीट येत नाही.

आमचं काम एका मानवी एन्झाइमवर होतं. पेशीच्या पातळ पडद्यात चरबीचे रेणू असतात. हे एन्झाइम त्यांच्यावर एक खूण करतं, आणि ती खूण वाचून पेशीला कळतं की आता वाढायचं, थांबायचं की मरायचं. ते माणसातून काढता येत नाही. म्हणून माणसाचं जनुक घ्यायचं, जिवाणूंमध्ये घालायचं आणि त्यांच्याकडून ते तयार करवून घ्यायचं. मग जिवाणू फोडायचे आणि त्या राड्यातून आपलं तेवढं निवडून घ्यायचं. शेवटी करंगळीएवढ्या नळ्यांमध्ये भरून उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये ठेवायचं. डब्यावर लाल चिठ्ठी असायची: फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. आम्ही ती वाचतही नसू.

सरांची मुलगी मिथिला आठ वर्षांची होती, आणि तिच्या शरीरात नेमकं हेच एन्झाइम तयार होत नव्हतं. त्यासाठीच सर आपलं जुनं, नावाजलेलं काम सोडून या विषयात आले होते. दोन वर्षांपूर्वी ती आमच्या कॉरिडॉरमध्ये पळायची. आता तिला घास गिळता येत नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की उपाय नाही, जेवढे दिवस आहेत तेवढे आनंदात घालवा. लॅबमध्ये सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि त्यांच्यासमोर कुणीही बोलत नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं, तशी रीतच पडली होती.

त्या उन्हाळ्यात सरांनी शुद्धीकरण स्वतःच्या हातात घेतलं. आमच्या प्रयोगाला एन्झाइम कामापुरतं शुद्ध असलं की पुरत असे. सर मात्र ते धुतच राहायचे. थंडीत डिटर्जंटने धू, वेगळं कर, पुन्हा धू. नवरी नटवावी तसं त्यांचं चाललेलं असायचं. प्रत्येक धुण्याला माझं निम्मं एन्झाइम वाहून जायचं आणि माझा जीव वरखाली व्हायचा.

"सर, बास की आता. काय राहिलंय त्यात?"

"जिवाणूंच्या आवरणाचा कचरा."

"राहू दे ना. आपल्या प्रयोगाला त्यानं काय फरक पडतो?"

"प्रयोगाला नाही पडत," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, नळीकडे बघतच: "हा कचरा इंजेक्शनात राहिला तर माणसाला हुडहुडी भरते, ताप चढतो. जास्त असला तर रक्तदाब कोसळतो. पूर्वी औषध कंपन्या हे सशावर तपासायच्या, माहीत आहे? सशाला टोचायचं आणि त्याचा ताप बघत बसायचं."

"बिचारा ससा."

"सशाचं काय, त्याला सांगता येत नाही काय होतंय ते," सर म्हणाले.

मला ते विचित्र वाटलं. पण सरांचं बोलणं हल्ली असंच तुटक असायचं, म्हणून मी सोडून दिलं.

त्याच आठवड्यात वैजयंतीवहिनी मला गेटपाशी भेटल्या. हातात औषधांच्या दुकानाची पिशवी होती. आमची ओळख जुनी, माझ्या डब्याची आबाळ होते म्हणून त्या अधूनमधून माशाचं कालवण पाठवायच्या. इकडचं तिकडचं बोलून झालं, पण त्यांचा पाय निघेना.

"सुलक्षणा, तुमच्या लॅबमध्ये ताप लागण्यासारखं काही आहे का गं?"

"नाही हो. का?"

"ह्यांना दर वेळी येतो. तुमचा तो नवीन माल तयार झाला ना, की त्याच रात्री. गोधड्या घालून कमी पडतात. सकाळी उठून पुन्हा कामावर. रक्त तपासलं, मलेरिया नाही." त्यांचा आवाज बारीक झाला आणि त्या आपल्या भाषेत शिरल्या. "माका काय कळणा नाय गो. एक तां पोर तसा, आणि ह्यांचा ह्या असा."

मी त्यांना काहीतरी धीराचं बोलले. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. डिटर्जंटनं धुणं, सशाची गोष्ट आणि माल तयार झाला की येणारा ताप. मी हे शेजारी शेजारी ठेवून बघायला हवं होतं, पण जे दिसेल त्याची भीती वाटत होती. शिवाय सर कुणी वेडे नव्हते. मला त्यांच्याइतका शहाणा माणूस दुसरा ठाऊक नव्हता.

नंतरच्या बॅचला त्यांना ताप आला, पण कमी. त्याच्या पुढच्या बॅचनंतर ते अर्ध्या बाहीच्या शर्टात लॅबमध्ये आले. दाढी केलेली, केस विंचरलेले, हातात मालवणी खाज्याचा पुडा.

"घ्या, घ्या सगळ्यांनी!"

"काय विशेष, सर?"

"जमलं, सुलक्षणा." त्यांचे डोळे चमकत होते. इतक्या दिवसांत मी ते डोळे असे बघितले नव्हते. "या वेळी काही म्हणजे काही आलं नाही."

"काय आलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बोलणं बदलावं तसं घड्याळाकडे बघितलं. "मी आज दुपारी घरी जातोय. मिथूला वेळ द्यायचाय."

मला बरं वाटलं. मी दोन वेळा खाजं घेतलं. जेवण झाल्यावर प्रयोगासाठी नळी काढायला फ्रीज उघडला. नव्या बॅचचा डबा जागेवर होता, लाल चिठ्ठीसकट. आत एकही नळी नव्हती.

तिथं उभ्या उभ्या मला सगळं कळलं. ते दर वेळी स्वतःला टोचून घेत होते. ससा तेच होते. कचरा राहिला की ताप यायचा, मग ते पुढची बॅच जास्त धुवायचे. या वेळी ताप आला नाही. म्हणजे बॅच शुद्ध. म्हणजे आज दुपारी मिथूला.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला हायसं वाटलं. ते एन्झाइम पेशीच्या आत शिरणार नाही, पोरीला त्याचा काही उपयोग होणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण शुद्ध असेल तर निदान अपाय तरी होणार नाही, असं मनाशी म्हणत मी फ्रीजचं दार लावलं.

आणि मला माझे मामा आठवले.

मामा सेलूला जिनिंगमध्ये होते. कापसाच्या धुळीत नवा माणूस कामाला लागला की त्याला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा. जुने लोक त्याची थट्टा करायचे. मामा म्हणायचे, "थरथरू दे. आठवडाभरात अंगवळणी पडतंय." आणि खरंच पडायचं. धूळ तीच, माणूस तोच, ताप मात्र यायचा थांबायचा. पुढं शिकताना मी वाचलं की त्या धुळीतही जिवाणूंचा हाच कचरा असतो. शरीराला तो वरचेवर दिला की शरीर बोंब मारायचं सोडून देतं. कचरा असतोच.

सरांना ताप आला नाही, तो बॅच शुद्ध होती म्हणून नव्हे. त्यांचं अंग सरावलं होतं. मिथूचं अंग सरावलेलं नव्हतं, आणि तिच्यात होतं तरी काय, नुसती हाडं.

मी फोन लावला. वाजत राहिला. सरांचं क्वार्टर आमच्याच आवाराच्या मागच्या टोकाला होतं. स्कूटीवर बसून मी इतकी जोरात निघाले की वॉचमन ओरडला.

दार वहिनींनी उघडलं. चेहरा उजळलेला. "बरी आलीस गं. ह्यांनी औषध आणलंय मिथूसाठी. सांगितलं ना तुला?"

आत पंखा हळू फिरत होता. मिथूला न्हाऊ घातलं होतं, नवा फ्रॉक घातला होता, केसांना रिबीन बांधली होती. पलंगावर उशांना टेकवून बसवलं होतं. देव्हाऱ्यासमोर स्टीलच्या ताटलीत आमच्या नळ्या होत्या, आणि वहिनींनी त्यांना कुंकू लावलं होतं. बाजूला सिरिंज. सर हात धुऊन पुसत मोरीतून बाहेर आले.

"सुलूताई," मिथू जड जिभेनं म्हणाली, "मी बली होनाल."

"दिलं का?" मी सरांना विचारलं. "सर, दिलं का?"

"देतोय आता. ये, बस."

"देऊ नका."

त्यांनी टॉवेल नीट घडी करून खुर्चीवर ठेवला. "वैजू, तू तिला पाणी पाज जरा," ते म्हणाले आणि मला दाराकडे घेऊन आले. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुला कळलं हे एक बरंच झालं. पण मी सगळं तपासलंय. स्वतःवर. दर बॅच. शेवटची दोन वेळा घेतली, ताप नाही, काही नाही."

"तुम्ही दोन महिने घेताय ते. अंगवळणी पडलंय तुमच्या."

त्यांनी देव्हाऱ्यासमोरच्या ताटलीकडे बघितलं.

"तुम्हीच शिकवलंय आम्हाला, सर. सारखं दिलं की शरीर ताप काढत नाही. पहिल्या बॅचला किती आला होता? मग कमी, मग आणखी कमी. तुम्ही जास्त धुतलं म्हणून कमी झाला का सवयीनं? सांगता येतं का तुम्हाला?"

"धुतलं म्हणूनही असेल."

"असेल. आणि नसेलही."

"कदाचित," ते म्हणाले. हा शब्द ते आम्हाला सेमिनारमध्ये कधी वापरू द्यायचे नाहीत.

"मग तपासा ना आधी. किट मागवू."

"किट यायला तीन आठवडे." त्यांनी मिथूकडे बघितलं. वहिनी चमच्यानं पाणी पाजत होत्या, निम्मं हनुवटीवरून ओघळत होतं. "तिच्याकडे तीन आठवडे आहेत असं तुला दिसतं?"

"सर, ते पेशीत शिरणारच नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"थोडं शिरेल."

"नाही शिरणार!"

"थोडं," ते म्हणाले. "मला थोडंच पाहिजे."

आमचा आवाज वहिनींनी ऐकला होता. त्या वाटी ठेवून उठल्या. "काय झालं? औषधात खोट आहे?"

"नाही," सर म्हणाले.

"माहीत नाही, वहिनी," मी म्हणाले. "सरांना कळायला मार्ग नाही. त्यांच्या अंगाला सवय झालीय. ते कळायला नवा माणूस पाहिजे."

तोंडातून शब्द गेला आणि खोलीत सगळे थांबले. सर माझ्याकडे बघायला लागले. वहिनी बघायला लागल्या. मग वहिनींनी पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला.

"माका द्या. मी नवीन आसय."

"नको," मी म्हणाले. "तुम्हाला काही झालं तर मिथूचं कोण करील?" आणि मी कुर्त्याची बाही वर केली.

आज सांगते, मला मरायची हौस नव्हती. माझी खात्री होती की सर नाही म्हणतील. दुसऱ्याच्या पोरीचा हात समोर आला की हा माणूस भानावर येईल, सिरिंज खाली ठेवील, आणि आम्ही तिघं बसून रडू. त्यासाठीच मी बाही वर केली. या माणसानं कधी मुंगीलाही दुखावलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि माझ्या दंडावर फिरवला.

"सर?"

"तिला देणार होतो त्याच्या निम्मं देतो," ते म्हणाले. हात स्थिर होता. पिपेट धरायला शिकवताना असायचा तसाच.

मी हात मागे घेऊ शकले असते. पण पलंगावर मिथू बसली होती, आणि मी हात काढला असता तर सुई तिकडे गेली असती. मी तोंड वळवलं. टोचल्याचं फारसं कळलंही नाही.

मग आम्ही थांबलो. वहिनींनी चहा केला. कुणी प्यायलं नाही. मिथूनं मला बोटांची नावं विचारली, मी सांगितली. करंगळी, मरंगळी. ती हसली. सर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मधूनच उठून माझ्या कपाळाला हात लावायचे. तो हात मायेचा नव्हता. भांडं तापलं का बघावं तसा होता.

"काही नाही," ते म्हणायचे. "बघ, काही नाही."

उन्हं कलली. खरंच काही नव्हतं. वहिनींचा चेहरा पुन्हा उजळायला लागला होता. सर उठले, ताटलीपाशी गेले आणि नवी सिरिंज फोडली. मलाही वाटायला लागलं की चुकले मी, उगाच त्या माणसाच्या आनंदावर विरजण घातलं.

"मिथू, हात दी गो बाय," सर म्हणाले.

तेव्हा माझे दात वाजले.

आधी मला वाटलं, मीच मुद्दाम वाजवतेय. मग जबडा आवरेना. पाठीतून थंडी अशी चढली की मी खुर्चीवरून खाली बसले. खाली फरशी, तीही थरथरत होती. वहिनींनी हाताला लागेल ते पांघरूण माझ्यावर टाकलं. सरांनी माझ्या तोंडात थर्मामीटर घातला, तो दातांवर वाजायला लागला तसा काखेत दिला. काढून खिडकीपाशी नेला. बघितला. झटकला नाही. तसाच धरून वळले आणि माझ्याकडे बघितलं.

ती नजर मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

वहिनींनी मग ताटली उचलली. नळ्या, सिरिंज, सगळं मोरीत ओतलं आणि वरून बादलीभर पाणी सोडलं. परत येऊन पोरीला घट्ट धरून बसल्या. "वाचलंस गो बाय माझे, वाचलंस," असं पुटपुटत होत्या. ती वाचणार नव्हती हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. तरी त्या म्हणत राहिल्या.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. सरांनी मला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टर ओरडत होते की रक्तदाब लागत नाही, हिनं काय घेतलंय. आणि सर, त्याच हळू आवाजात: "तिनं घेतलं नाही. मी दिलं." काय, किती, कुठून, सगळं सांगितलं. मिथूला द्यायच्या डोसच्या निम्म्यात माझी ही गत झाली होती, आणि मी तब्येतीनं चांगली धडधाकट.

मी घरी आले. सरांची चौकशी लागली, ती होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. लॅबमध्ये लोक मला हळू आवाजात विचारायचे आणि मी तोंड मिटून घ्यायचे, त्यापुरतं मला ते जमलं. त्यांच्याकडे जायचं मात्र धाडस झालं नाही. वहिनींचा फोन यायचा. आज मिथूनं पेज घेतली. आज झोपली चांगली. सर कधी फोनवर आले नाहीत.

मिथू श्रावणात गेली.

मी गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली होती. माणसं येऊन गेली होती. सर भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली. मी समोर बसले.

"त्या दिवशी तुला हुडहुडी भरली," ते म्हणाले, "तेव्हा मला तुझा राग आला. तू जाशील ही भीती नंतर वाटली. आधी राग."

"माहीत आहे, सर."

"कसं?"

"तुम्ही बघितलं होतं माझ्याकडे."

त्यांनी मान हलवली. आत वहिनी कुणाशी तरी बोलत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता.

"खूप दिवस गेला नाही तो. रोज वाटायचं, ही आली नसती तर. मिथू गेली तेव्हा तो गेला." त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "ती झोपेत गेली, सुलक्षणा. वैजूच्या मांडीवर. मी तिथंच बसलो होतो, शेजारी."

मग त्यांनी दोन्ही हात उचलले, तळवे वर करून माझ्यासमोर धरले, आणि मला नीट दिसावेत म्हणून थोडे पुढे केले.

"रिकामे होते," ते म्हणाले.